अय्या म्हणजे नेमका कोण

तवमलर सिंहली शिकली ती तपासणी नाक्यांवर. नाव काय, राहता कुठे, आलात कुठून, निघालात कुठे, पिशवीत काय आहे. लग्न करून ती तमिळ मुलखातल्या जाफन्याहून कोलंबोला आली तेव्हा लढाई ऐन भरात होती, आणि या प्रश्नांची उत्तरं अडखळत देणाऱ्याला बसमधून उतरवून बाजूला उभं करीत. त्यामुळे तिचे उच्चार फार लवकर सुधारले. भाषा शिकवण्याची ही पद्धत कुठल्या पाठ्यपुस्तकात दिलेली नाही, पण गुणकारी आहे.

पुढे लढाई संपली, नाकी उठली, भाषा मात्र राहिली. भाजीबाजार, बसचे कंडक्टर, पाणीपट्टीची कचेरी, दाताचा डॉक्टर अशा वाटांनी ती वाढत गेली आणि एक दिवस तिने तवमलरला नोकरीही मिळवून दिली. एका वाहिनीवर सिंहली बातम्यांच्या खाली तमिळ ओळी लिहायच्या. मंत्री जे लांबलचक बोलत ते ती एका ओळीत बसवी, आणि काही राहून गेलं अशी तक्रार कधी कोणी केली नाही.

नवरा गुणबालन दोह्याला एका गोदामावर होता आणि शुक्रवारी फोन करी. वेल्लवत्तेत, समुद्राकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, मायलेकी दोघीच राहत. मुलगी तुवारकी त्या वर्षी ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, बसणार होती. ज्या घरात ए-लेव्हलची परीक्षा असते त्या घरात माणसं हळू बोलतात, भांडी हळू ठेवतात आणि पाहुण्यांना दारातूनच निरोप देतात. त्यातून तवमलर स्वभावानेच अशी, की गॅस बंद केलाय हे पक्कं ठाऊक असूनही अर्ध्या जिन्यातून परत वर यायची. शेजारीपाजारी तिला विचारीत, "मलर, आज किती वेळा?" ती खरंच सांगायची.

त्याच वर्षी वाहिनीने तरुणांसाठी मालिका काढायचं ठरवलं. तोवर वाहिनीवर जमीनदारांचे वाडे असत, त्यात आजारी म्हातारे असत आणि सुना पायऱ्यांवर उभ्या राहून रडत. नव्या मालिकेचं नाव 'अमतर पंतिय', म्हणजे जादा तास. ट्यूशनच्या क्लासात जमणाऱ्या मुलामुलींची गोष्ट. सगळे तिला 'पहिला सीझन' म्हणत, कारण पहिला म्हटलं की दुसरा येतोच अशी वाहिनीतल्या लोकांची श्रद्धा होती. शाळकरी मुलांची कामं करणारे बहुतेक सगळे पंचविशीच्या पुढचे होते. नायकाला दुपारच्या जेवणानंतर पुन्हा दाढी करावी लागे. वरच्या मजल्यावरच्या कुणा साहेबांना वाटलं, तमिळ पोरंही ट्यूशनला जातात, तेव्हा याच्याही खाली तमिळ ओळी टाका. काम आपसूक तवमलरकडे आलं.

घोटाळा झाला तो कामाच्या पद्धतीमुळे. संवादांचे कागद आधी येत आणि चित्रं मागून, कधी कधी प्रसारणाच्या आदल्या दिवशी. तवमलर कागदावरून ओळी लिहून देई. कागदावर असे: सितुमि म्हणते, निपुन अय्या, माझं ट्यूट आणलंत का? ट्यूट म्हणजे सरांनी छापून वाटलेले कागद, त्यात कळण्यासारखं काही अवघड नव्हतं. आणि अय्या म्हणजे थोरला भाऊ, हे तर श्रीलंकेत बेडकांनाही ठाऊक असतं. तवमलर गेली वीस वर्षं थ्री-व्हीलरवाल्याला अय्या म्हणत होती, मासळीवाल्याला म्हणत होती, एके काळी नाक्यावरच्या बंदूकवाल्यालाही म्हणाली होती. तिने तमिळमध्ये लिहिलं, निपुन अण्णा. आणि सितुमिला कंसात, मनातल्या मनात, धाकटी बहीण केलं.

पहिले चार भाग असेच गेले.

खालच्या मजल्यावर इंद्राणी टीचर राहत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवणं सोडलं होतं, तपासणं सोडलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी तवमलरला जिन्यातच गाठलं.

"मलर, ती सितुमि आणि तो निपुन. सख्खी का चुलत?"

"सख्खीच असतील टीचर. मी अजून चित्र पाहिलं नाही."

"मग बघ. काल दोघं समुद्रावर एका छत्रीत बसली होती. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता."

"भाऊ आहे. धरली असेल."

"धरली होती ना. पण आभाळाकडे नाही, लोकांकडे." टीचरनी आवाज खाली आणला. "मी टीव्हीच बंद केला."

"बरं केलंत."

"मग परत लावला. पुढे काय होतं ते कळायला नको?"

तवमलर कचेरीत पोचली ती थेट जानकच्या खोलीत. जानक हा संकलक. तिच्या ओळी चित्राखाली चिकटवण्याचं काम त्याचं. सिंहली माणूस, तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि तिला मलर अक्का म्हणे. त्याने छत्रीचा प्रसंग लावला. छत्री खरोखरच लोकांकडे होती. छत्रीच्या आडून सितुमिचा आवाज आला, "अय्या..." आणि खाली ठळक तमिळ अक्षरं उमटली, "अण्णा..."

जानकला तमिळ येत नव्हतं. तिने त्याला काय लिहिलंय ते सांगितलं. तो खुर्चीवरून घसरलाच.

"अक्का, अहो, ते प्रेमात आहेत!"

"मग ती त्याला भाऊ का म्हणते?"

"भाऊ नाही म्हणत. अय्या म्हणते."

"अय्या म्हणजे भाऊच ना?"

"भाऊच. पण... अहो, माझी बायको मला काय म्हणते?"

"काय?"

"अय्या."

"आणि तुमची बहीण?"

"अय्या."

तपासणी नाक्यावर सिंहली शिकलेल्या बाईला प्रेमातलं सिंहली येणार कुठून? तिकडे तो विषयच निघत नसे. तिच्या स्वतःच्या भाषेत हा गोंधळ नव्हता. तिथे भाऊ तो अण्णा, आणि ज्याच्याशी लग्न होऊ शकतं तो अत्तान. आत्याचा मुलगा गुणबालन तिला समजायला लागल्यापासून अत्तान होता. म्हणजे शब्द आधी ठरला, माणूस सावकाशीने त्यात येऊन बसला. आणि 'अय्या' तर तमिळमध्ये साहेबांना, वडीलधाऱ्यांना म्हणतात. इकडची पोर प्रियकराला जे म्हणते ते तिकडचा कारकून मामलेदाराला म्हणतो.

तक्रारी आल्या. पूर्व किनाऱ्यावरच्या तमिळ वस्तीतून, मट्टक्कळप्पहून, एका गृहस्थांनी विचारणा केली की सिंहली समाजात ही रीत आहे काय; असल्यास आम्हाला काही म्हणायचं नाही, परंतु वेळ बदलावी, घरी मुलं जेवायला बसलेली असतात. मात्र त्या भागात मालिका बघणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली होती. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी तवमलरला बोलावून घेतलं आणि ती अजून दाराशीच असताना म्हणाले, "दुरुस्त करा. पण एकदम नको."

तिने पाचव्या भागापासून दुरुस्त केलं. निपुन अत्तान झाला. मागचे चार भाग इंटरनेटवर चढवलेले होते, ते तसेच राहिले. "चढवायला एक बटण लागतं," जानक म्हणाला, "उतरवायला तीन साहेबांच्या सह्या. जाऊ द्या अक्का, कोण बघतंय जुने भाग."

पण आता प्रत्येक अय्यापाशी थांबायची पाळी आली. मालिकेत सितुमिला एक खराखुरा भाऊही होता, दारावरचा वॉचमन होता, कॅन्टीनवाला होता, आणि ती प्रत्येकाला अय्याच म्हणे. कागदावरून काही कळेना.

"कानांनी कळतं," जानक म्हणाला आणि त्याने प्रात्यक्षिक करून दाखवलं. "हा बघा भाऊ: अय्या! रिमोट दे. आखूड, वरून खाली. हा कॅन्टीनवाला: अय्ये, दोन चहा. नुसता हाक मारायला. आणि हा..." त्याने मान वाकडी केली, नजर कीबोर्डवर टेकवली, "अय्याऽ. शेवट सोडून द्यायचा, पतंगाच्या दोऱ्यासारखा."

दारातून जाणारा हिशेबनीस थबकला, आत डोकावला आणि निघून गेला.

तवमलरने ते मनावर घेतलं. ती कानाला हेडफोन लावून दिवसभर अय्या ऐके. सराव झाला. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईने फोनवर अय्या म्हटलं की ही मागे बसून निकाल देई: भाऊ. कॅन्टीन. पतंग. तिला त्यात थोडा अभिमानही वाटायला लागला होता. आणि अशातच एका संध्याकाळी ती शाळेचा पांढरा गणवेश इस्त्री करत असताना बाल्कनीतून तुवारकीचा आवाज आला. फोनवर होती. सिंहलीत बोलत होती.

"हो अय्याऽ... येते."

इस्त्री हातातच राहिली. गणवेशाच्या पाठीवर पिवळा त्रिकोण उमटला.

"कोण होतं गं?" तुवारकी आत आल्यावर तिने विचारलं.

"झेरॉक्सवाला."

"झेरॉक्सवाल्याला 'येते' कशाला सांगावं लागतं?"

"ट्यूट राहिलंय माझं. नुगेगोड्याला. अम्मा, हे काय जाळलंस?"

"इस्त्री तापली."

"इस्त्री तापतेच," मुलगी म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. परीक्षेच्या वर्षात दार लावणाऱ्या मुलीला कोणी काही म्हणू शकत नाही.

तिथून तवमलरच्या जिवाला स्वस्थता अशी राहिली नाही. मुलगी हुशार होती, डॉक्टर होईल असं तिच्या शाळेत म्हणत, आणि परीक्षा चार महिन्यांवर आलेली. त्यात नुगेगोड्याचा तो इंग्रजी माध्यमाचा फिजिक्सचा क्लास. तिथे सिंहली, तमिळ, मुसलमान, सगळी पोरं एका मांडवात बसत. मांडव एवढा मोठा, की मागच्यांना सर पडद्यावर दिसत. तिथला एखादा अय्या जर पतंगाचा असेल, तर तो सिंहली असणार हे उघड होतं. गुणबालन दोह्याहून काय म्हणेल, जाफन्याला आत्या काय म्हणेल, इंद्राणी टीचर काय म्हणणार नाहीत, या सगळ्याची उजळणी ती भात उपसताना करी. आणि ते सगळे गप्प बसले असते तरी, ज्या माणसांना ती आयुष्यभर नाव-पत्ता सांगत आली त्यांच्यापैकी कोणी घरात जावई म्हणून बसेल, ही कल्पना तिच्या मनात कुठे ठेवावी तेच तिला कळत नव्हतं. जानक चांगला होता. पण जानक कचेरीत होता.

आधी एवढंच कळायला हवं होतं: झेरॉक्सवाला, की दुसरा कोणी.

तिने मालिकेचा उपयोग करायचं ठरवलं. संध्याकाळी पिट्टु आणि संबल ताटात वाढून तिने मुलीला टीव्हीपुढे बसवलं आणि आपण अशी बसली की टीव्ही नव्हे, मुलगी दिसावी. सितुमि पडद्यावर पतंगाचा अय्या म्हणाली. तुवारकी पिट्टु कालवत होती. पुन्हा म्हणाली. तुवारकीने जास्तीचं संबल मागितलं.

"बरी चाललीय ना मालिका?" तवमलर म्हणाली.

"खाली अत्तान काय लिहिलंयस? कोण म्हणतं आता अत्तान?"

"मी म्हणते."

"तू अप्पांना म्हणतेस. त्यांना फोनवर ऐकूही नीट येत नाही."

"मग तुमच्यात काय म्हणतात?"

"कोणाला?"

"ते... असल्या मुलांना."

तुवारकीने पहिल्यांदाच मान वर करून आईकडे पाहिलं. "कसल्या मुलांना?"

"मालिकेतल्यासारख्या."

"काही म्हणत नाहीत, अम्मा. नुसतं बोलतात," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. ज्या नात्याला शब्दच नाही ते ओळखायचं कसं, हा प्रश्न तवमलरला पडला. निदान तिचा पगार तरी या प्रश्नावर चालत होता.

दुसऱ्या दिवशी तिने जानकला गाठलं.

"एक वाक्य विचारायचं होतं. मुलगी फोनवर म्हणते, 'हो अय्याऽ, येते.' शेवट असा लांब. हा कोणता?"

"कितव्या भागात आहे?"

"पुढच्या."

जानकने पुढच्या भागाचे कागद चाळले. "सितुमिच्या तोंडी असं वाक्यच नाही."

"मग त्याच्या पुढच्या असेल."

"अक्का," जानक कागद खाली ठेवत म्हणाला, "तुम्ही कुणाची सबटायटलं करताय?"

जानकने तिच्यासाठी साधा चहा मागवला आणि तो आल्यावर म्हणाला, "अक्का, एक सांगू? माझी धाकटी मेहुणी पिठाच्या गिरणीवाल्यालाही तसाच लांब अय्या म्हणते. दळण लवकर मिळावं म्हणून."

म्हणजे चौथाही प्रकार होता.

शुक्रवारी गुणबालनचा फोन आला. तिने आडून आडून विचारलं, की पोरीच्या क्लासात मुलंही असतात म्हणे. तो म्हणाला, "असू दे की. मुलं नसली तर क्लास चालेल कसा?" तिने फोन ठेवला. तिचा नवरा प्रेमळ होता, दूरच्या माणसाला प्रेमळ राहणं जड जात नाही.

शेवटी एका शनिवारी ती उठली आणि नुगेगोड्याला गेली. जाताना गॅस बघायला दोनदा परत आली, तिसऱ्यांदा आलीच नाही. यावरून तिची अवस्था कळावी. बरोबर एक जेवणाचं पुडकं घेतलं होतं, कोणी विचारलंच तर मुलीसाठी आणलंय म्हणून सांगायला. मुलीने आपला डबा आधीच नेलेला होता.

क्लास ज्या गल्लीत होता तिच्या दोन्ही भिंतींवर सरांचे फोटो चिकटवलेले होते. फिजिक्सचे सर हसरे, केमिस्ट्रीचे सर हाताची घडी घातलेले, बायोलॉजीच्या सरांच्या मागे सूर्य उगवलेला. झेरॉक्सचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तवमलर सरळ तिथे गेली. आत एक पन्नाशीचा, टक्कल पडलेला गृहस्थ घामाघूम होऊन कागद कापत होता, आणि काउंटरला लोंबकळलेल्या पोरी ओरडत होत्या, "अय्याऽ, माझं आधी! अय्याऽऽ, बस जाईल माझी!" सगळ्याच्या सगळ्या पतंग.

इतका आनंद तिला मुलगी पहिल्यांदा पहिली आली तेव्हाही झाला नव्हता. तिने त्या गृहस्थाकडे आजवर कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे पाहिलं नसेल अशा मायेने पाहिलं. त्याने बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने विचारलं, "काय हवंय, नोना?" ती म्हणाली, "काही नाही, अय्या," आणि वळली.

आणि रस्त्याच्या पलीकडे, फालुद्याच्या गाडीशी, तिला तुवारकी दिसली. समोर एक उंच, किडकिडीत मुलगा. दोघांच्या मध्ये चांगलं हातभर अंतर. ऊन मी म्हणत होतं, आणि छत्री तुवारकीच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात मिटलेली होती. मालिकेत हा प्रसंग असता तर लेखकाने छत्री नक्की उघडली असती, आणि तवमलरला निदान कळलं तरी असतं. ती दोघं नुसतं बोलत होती.

तुवारकीने आईला पाहिलं. चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"अम्मा? तू इकडे कशी?"

"जेवण आणलं," तवमलरने पुडकं पुढे केलं.

"डबा आहे ना माझा."

"असू दे."

तिघं उभी राहिली. फालुदेवाला ग्लास विसळत होता, त्याने मुद्दाम आवाज न करता विसळायला सुरुवात केली. तेवढ्यात त्या मुलाने केस सारखे केले, शर्ट खाली ओढला, दोन पावलं पुढे आला आणि तमिळमध्ये बोलू लागला.

"वणक्कम, आंटी. मी चेनुक. मला थोडं तमिळ येतं."

तो एवढं बोलून थांबला, जणू वाचणाऱ्याला वेळ देत होता. मग पुढचं बोलला.

"शाळेत अक्षरं शिकलो. बाकी तुमच्या ओळींवरून शिकलो. पहिल्या भागापासून बघतो. नीट, थांबवून थांबवून."

एका वेळी दोन ओळींच्या वर जायचं नाही, क्रियापद शक्यतो शेवटी, जोडवाक्यं टाळायची. तवमलरला ती शैली ओळखीची वाटली आणि मग ध्यानात आलं की ती आपलीच आहे. सिंहली पोराच्या तोंडून ती स्वतःच बोलत होती.

"चेनुक, पुरे," तुवारकी सिंहलीत पुटपुटली.

"नको, सांगू दे," तो सिंहलीत म्हणाला, आणि घसा साफ करून परत तमिळकडे वळला. हे वाक्य त्याने घोकलेलं होतं, हे दिसतच होतं. कान टोकापर्यंत तांबडे झाले होते.

"आंटी. मी तुवारकीचा अण्णा आहे."

तुवारकीने डोळे मिटून घेतले.

तवमलर त्या मुलाकडे बघत राहिली. तमिळ पोराने हे म्हटलं असतं तर तिने देवाचे आभार मानून त्याला जेवणाचं पुडकं देऊन टाकलं असतं. सिंहली पोर सिंहलीत अय्या म्हणालं असतं, तर पुन्हा ते चार प्रकार, आणि ती होती तिथेच. पण तमिळमध्ये, अण्णा, आणि कान तांबडे करून? हा अर्थ जगातल्या कुठल्याच कोशात नव्हता. तो फक्त चार भागांत होता, आणि ते चार भाग तिने लिहिले होते. अभ्यासू पोर पहिल्या धड्यापासून शिकलं होतं. झालेली चूक दुरुस्त व्हायच्या आधीच.

म्हणजे कळलं. एवढे दिवस जे कळायला हवं होतं ते रस्त्यावर उभं राहून, शुद्धलेखनाच्या चुकीसह, स्वच्छ कळलं. आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तो काही पडेना.

"माझं तमिळ बरोबर आहे ना, आंटी?" चेनुकने विचारलं. "तुम्ही सांगा. तुवारकी नुसती हसते. सांगत नाही."

तुवारकीने डोळे उघडले. ती हसत नव्हती. आईकडे बघत होती.

चुकीचा शब्द समोर आला की तो दुरुस्त करायचा, हे तवमलरचं पोटापाण्याचं काम होतं. बरोबर शब्द तिला माहीत होता. गेले कित्येक आठवडे ती दुसरं काही लिहीतच नव्हती. पण तो शब्द या मुलाला सांगायचा म्हणजे तो त्याला देऊन टाकायचा. तो आजच्या आज पाठ करील, उद्या म्हणेल, आणि आईनेच शिकवला म्हणून म्हणेल. आणि नाही सांगायचा, तर काय सांगायचं? पोरगं खोटं बोललं नव्हतं. मान वर करून, परक्या भाषेत, तिच्या भाषेत, रांगेत उभं राहिल्यासारखं नाव-गाव सांगत आलं होतं. असं अडखळत उत्तर देणाऱ्यांना बाजूला काढलं जाताना तिने पुष्कळदा पाहिलं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "अगदी बरोबर."

"अण्णा?"

"अण्णाच."

चेनुकचा चेहरा उजळला. त्याने तुवारकीकडे विजयाने पाहिलं. "बघ. म्हणालो होतो ना?"

परतीच्या बसमध्ये मायलेकी एका सीटवर बसल्या. जेवणाचं पुडकं दोघींच्या मध्ये होतं. किरुलपोनेचा थांबा मागे पडल्यावर तुवारकी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खोटं बोललीस तू."

"परीक्षा कधी आहे?"

"ऑगस्टमध्ये. तुला माहीत आहे."

"मग ऑगस्टपर्यंत तो अण्णाच बरा."

"आणि त्याला कोणीतरी खरं सांगितलं तर? क्लासात तमिळ पोरं आहेत, अम्मा. हसतील त्याला."

"हसू देत. तुझ्या अप्पांना माझ्या घरचे अजून हसतात."

तुवारकीला हसू आवरेना, म्हणून ती जास्तच रागावली. तिने पुडकं उघडलं आणि तवमलरला न विचारता खायला लागली. तवमलरने पदराने तोंड पुसलं. आपण परवानगी दिली की नाकारली, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. दोह्याला काय सांगायचं, ते शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. टीचरना तर काहीच सांगायचं नव्हतं, म्हणजे त्यांना उद्याच कळणार.

वेल्लवत्तेच्या अलीकडे तुवारकीचा फोन वाजला. आजवर अशा वेळी ती फोन घेऊन दाराशी जाई, हात तोंडापुढे धरी. आज ती जागेवरून हलली नाही. आईच्या खांद्याला खांदा लावून बसल्या बसल्या, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, चक्क तमिळमध्ये म्हणाली,

"हां अण्णाऽ, बोल."

पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मग त्या तवमलरकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "भाऊ वाटतं? छान जीव आहे हो दोघांचा."

"हो," तवमलर म्हणाली, आणि उतरायचं ठिकाण यायला अजून दोन थांबे होते तरी उठून दाराशी जाऊन उभी राहिली.